चाळीस लिटरची सॅक : रजा वाचवते, खांदे दुखवते

आधीच सांगते, ही सॅक मी हौसेने घेतलेली नाही. रजेचा हिशेब बसेना म्हणून घेतली. अकाउंट्समध्ये असलेल्यांना वेगळं सांगायला नको: महिन्याचे शेवटचे चार-पाच दिवस आणि नव्या महिन्याचे पहिले काही दिवस रजा मागायची सोयच नसते. उरतो मधला पंधरवडा. त्यात शनिवार-रविवारला एक सोमवार चिकटवता आला तर कुठेतरी जायचं. अशा तीन दिवसांतला अर्धा दिवस सामान भरणं, विमानतळावर ते सोपवणं आणि उतरल्यावर फिरत्या पट्ट्यापाशी त्याची वाट बघणं यात गेला, तर एक षष्ठांश सहल तिथेच संपली.

कंपनीचं नाव देत नाही, कारण अशा सॅक बऱ्याच कंपन्या काढतात आणि खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं सगळ्यांनाच लागू आहे. प्रकार असा: तीन बाजूंनी चेन, पुस्तकासारखी सपाट उघडणारी, पाठीला लागून लॅपटॉपचा वेगळा कप्पा, पट्टे आत कोंबता येतात. वरून उघडणारी ट्रेकिंगची सॅक नव्हे. तळाशी गेलेला मोजा काढायला सगळा संसार बाहेर काढावा लागत नाही, हा हिचा पहिला गुण.

लेबलवर चाळीस लिटर लिहिलंय. मी टेप लावून मोजली: ५५ बाय ३५ बाय २० सेंटीमीटर, म्हणजे साडेअडतीस लिटर. उरलेला दीड लिटर पुढचा कप्पा फुगवून भरून काढला असणार. पण माप मुद्दाम असं ठेवलंय. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात जाणाऱ्या बॅगेसाठी बऱ्याच कंपन्यांची हद्द ५५ बाय ४० बाय २० किंवा थोडी मोठी असते, त्यात ही बसते. खरी अडचण मापाची नाही, वजनाची. अनेक स्वस्त विमान कंपन्या सात किलोच्या वर सोडत नाहीत. रिकामी सॅकच माझ्या काट्यावर एक किलो चारशे ग्रॅम भरते. लॅपटॉप आणि त्याचा चार्जर मिळून दोन किलो. उरले तीन किलो सहाशे ग्रॅम, त्यात कपडे, चपला, औषधं, सगळं. म्हणून जड जॅकेट अंगात आणि जड बूट पायात घालूनच निघायचं. घरातले हसतात, हसू देत.

आता वेळेचं, कारण पैसे त्यासाठीच मोजले. सामान सोपवायचं नसेल तर बोर्डिंग पास फोनवर घेऊन थेट सुरक्षा तपासणीच्या रांगेत जाता येतं. सामान असेल तर काउंटर विमान सुटण्याच्या पाऊण तास ते तासभर आधी बंद होतो, आणि त्या काउंटरची रांग वेगळी. शुक्रवारी ऑफिसातून परस्पर निघणाऱ्याला हा फरक विमान मिळण्या-न मिळण्याचा असतो. उतरल्यावरही तेच. लोक पट्ट्याभोवती कोंडाळं करून उभे असतात तेव्हा मी बाहेर बसच्या रांगेत असते. बॅगा हरवण्याची भीती लोक वाढवून सांगतात, तसं पाहिलं तर प्रमाण लहान आहे. सिटा या संस्थेच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये हजार प्रवाशांमागे सुमारे सात बॅगांचा घोळ झाला, त्यातला मोठा वाटा मधे विमान बदलताना. पण तीन दिवसांच्या सहलीत बॅग दुसऱ्या दिवशी हॉटेलवर पोचली तरी ती हरवल्यातच जमा.

तरीही सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो घरी, आणि हे मला घेताना कळलं नव्हतं. ही सॅक मी पूर्ण रिकामी करतच नाही. दुसरा चार्जर, दात घासायचा दुसरा ब्रश, औषधांची पुडी, एक घडी केलेली कापडी पिशवी, सगळं कायम आत. पारदर्शक पिशवीत शंभर मिलिलिटरच्या आतल्या बाटल्या भरून ठेवल्यात. हातातल्या सामानात त्याहून मोठी द्रवाची बाटली चालत नाही, हा २००६ पासूनचा नियम काही विमानतळांनी नवे स्कॅनर बसवून सैल केलाय, पण परतीच्या विमानतळावर कोणता स्कॅनर असेल त्याच्या भरवशावर कोण राहणार. पॉवर बँकसुद्धा आतच. ती सोपवायच्या सामानात चालत नाही, जवळच ठेवावी लागते. शंभर वॅट-तासांपर्यंत सहसा कोणी विचारत नाही. वीस हजार एमएएचची साधारण चौऱ्याहत्तर भरते, म्हणजे निर्धास्त. हे सगळं आधीच आत असल्यामुळे गुरुवारी रात्री फक्त कपडे टाकायचे. पूर्वी स्वस्त तिकीट दिसलं की "एवढी तयारी कोण करणार" म्हणून सोडून द्यायचे. आता ती सबब गेली.

पैशांच्या बाबतीत मात्र जाहिरातीवर जाऊ नका. "सामानाचे पैसे वाचवा" हे अर्धंच खरं आहे. सोपवलेल्या सामानाचे वेगळे पैसे घेणाऱ्या कंपनीत वाचतात, आणि वर्षभर फिरणाऱ्याच्या सॅकची किंमत त्यातच फिटते. पण युरोपातल्या बऱ्याच स्वस्त कंपन्यांच्या सगळ्यात खालच्या तिकिटात फक्त सीटखाली मावेल एवढीच पिशवी फुकट असते. साधारण ४० बाय ३० बाय २०, म्हणजे चोवीस लिटर. तिथे ही सॅक घेऊन गेलात तर गेटवर पैसे भरा, आणि गेटवरचा दर आधी ऑनलाइन भरलेल्यापेक्षा चढाच असतो. तिकीट काढतानाच हे बघून घ्यावं. माझ्या मते पैसे वाचतात ते दुसरीकडे: अवेळी उतरणारं स्वस्त विमान घेता येतं. हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनला मिळते, तोवर सामान पाठीवर घेऊन शहर फिरता येतं, लॉकर शोधावा लागत नाही. परतीचं विमान सोमवारी पहाटेचं घेऊन थेट ऑफिसला जाता येतं, म्हणजे ती चिकटवलेली रजाही वाचली. इस्त्रीचा शर्ट लॅपटॉपच्या कप्प्यात सपाट ठेवला तर निम्मा तरी शाबूत राहतो.

ऑफिसात ती कशी दिसते हेही सांगायला हवं. टेबलाखाली बसते, लोंबणारे पट्टे नाहीत, भडक रंग नाही. तरी आमच्या टीमला आता कळतं. शुक्रवारी ही दिसली की साडेपाचची मीटिंग कोणी लावत नाही. हा फायदा लेबलवर लिहिलेला नव्हता.

आता तक्रारी. कमरेचा पट्टा म्हणजे निव्वळ थट्टा आहे. दोन बोटं रुंदीची पट्टी, गादी नाही, ओझं कमरेवर येतच नाही. सात किलो पाठीवर घेऊन तासभर चाललात की खांदे बोलायला लागतात. सॅक पूर्ण भरली की बाजूच्या खिशात पाण्याची बाटली शिरत नाही, आतला कपडा ती बाहेर ढकलतो. आणि चेन. चेन स्वतः चांगली आहे, पण खालच्या डाव्या कोपऱ्यात जिथे ती वळते तिथे आतलं अस्तर सैल शिवलंय. घाईत ओढली की अस्तराची कड दातात धरते. मग एका हाताने अस्तर मागे खेचत, दुसऱ्याने चेन उलटी सरकवत सोडवायची. हे नेमकं बोर्डिंग सुरू झाल्यावरच होतं. पावसात कापड तग धरतं, चेन नाही. कव्हर वेगळं घ्यावं लागतं आणि ते सोबत देत नाहीत, हा कंजूषपणा मला पटला नाही. छातीवरच्या पट्ट्याची क्लिप निखळली, तेव्हा फोटोसह मेल केल्यावर नवी आली, पण आली तेव्हा माझा पुढचा प्रवास होऊन गेला होता.

ज्यांना वर्षातून एकदा मोठी रजा मिळते, किंवा थंडीच्या देशात जायचंय, किंवा लहान मुलं सोबत आहेत, त्यांनी हिच्या नादी लागू नये. चाकांची बॅगच बरी. डोंगर चढायचा असेल तर फ्रेमची ट्रेकिंग सॅकच लागते, त्याला पर्याय नाही. सुट्टी तुकड्यातुकड्यांनी मिळणाऱ्या नोकरदारासाठी मात्र मी हिला पाचपैकी चार देते. एक गुण पट्ट्याचा कापला.

घ्यायची तर दुकानात सात किलो वजन घालून पाठीवर चढवून बघा. विक्रेते रिकामीच चढवतात. उंची कमी असेल तर पस्तीस लिटरची बघा, पाठीची लांबी जुळली पाहिजे. आणि अस्तर फिकट रंगाचं घ्या. माझीचं आतून काळंकुट्ट आहे, त्यात काळी वायर शोधायला दर वेळी फोनचा टॉर्च लावावा लागतो.