छातीचा एक्स-रे की लो-डोस सीटी?

वर्षानुवर्षं रोज पाकीटभर सिगारेट ओढणाऱ्याची फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी तपासणी करायची, तर माझं मत स्पष्ट आहे: लो-डोस सीटी, म्हणजे कमी किरणोत्सर्गात केलेला सीटी स्कॅन. एक्स-रे स्वस्त, झटपट, किरणोत्सर्गही नगण्य. पण त्यात बरगड्या, हृदय, रक्तवाहिन्या एकावर एक येतात आणि हृदयामागची लहानशी गाठ सहज लपते. सीटी पातळ काप दाखवते, म्हणून ती सापडते. अमेरिकेतल्या ५३ हजारांवर लोकांच्या चाचणीत (निकाल २०११) सीटी गटात या कॅन्सरचे मृत्यू एक्स-रे गटापेक्षा २० टक्क्यांनी कमी झाले. अडचण वेगळीच: सीटीच्या दर चार तपासण्यांत साधारण एक संशयास्पद निघाली आणि त्यातल्या ९६ टक्के कॅन्सर नव्हत्या. बहुतेकांना पुन्हा स्कॅन पुरतो, काहींना बायोप्सी लागते. रुग्णाला हे आधीच सांगा. नाहीतर रिपोर्टमध्ये ‘गाठ’ वाचून त्याची झोप उडते.