बॉनी-क्लाइडवरचे दोन सिनेमे: बंदुका बघायच्या असतील तर कुठला लावायचा?

भाच्याने परवा विचारलं, मामा, वीकेंडला एकच बघायला वेळ आहे, बॉनी आणि क्लाइडची खरी गोष्ट त्यातल्या हत्यारांसकट कळायला हवी, तर 1967 चा 'बॉनी अँड क्लाइड' बघू की नेटफ्लिक्सवरचा 2019 चा 'द हायवेमेन'? त्याला व्हॉट्सॅपवर दोन ओळी टाकायला बसलो आणि ते लांबतच गेलं, म्हणून म्हटलं नीटच लिहून काढू.

आधी खरं काय होतं ते. बॉनी आणि क्लाइड म्हणजे 1930 च्या मंदीतलं अमेरिकेतलं दरोडेखोर जोडपं. 23 मे 1934, सकाळी सव्वानऊच्या सुमारास, लुइझियानात गिब्सलँड गावाजवळच्या रस्त्यावर 6 पोलिसांनी झुडपात दबा धरून यांच्या फोर्ड व्ही-8 वर शंभराच्या वर गोळ्या झाडल्या. नंतर गाडी तपासली तर आत बीएआर म्हणजे ब्राउनिंग ऑटोमॅटिक रायफली, नळी कापलेल्या शॉटगन, पिस्तुलांचा ढीग, हजारो काडतुसं आणि वेगवेगळ्या नंबरप्लेटचे 15 सेट. या सगळ्यात महत्त्वाची ती बीएआर. पहिल्या महायुद्धासाठी बनवलेली लष्करी रायफल, मॅगझिनमध्ये 20 काडतुसं, वजन सव्वासात किलोच्या आसपास, आणि क्लाइड ती नॅशनल गार्डच्या शस्त्रागारातून चोरायचा. त्या काळच्या साध्या पोलिसाकडे रिव्हॉल्व्हर, फार तर शॉटगन, आणि ती गोळी गाडीच्या पत्र्याला अडायची, बीएआरची गोळी मात्र दार फोडून पलीकडे जायची. जुलै 1933 मध्ये मिसुरीतल्या प्लॅट सिटीला पोलिसांनी मध्यरात्री यांच्या मुक्कामाला वेढा घातला, सोबत चिलखती गाडी होती, टॉमी गन म्हणजे हातात धरायच्या छोट्या मशीनगन होत्या. बीएआरच्या गोळ्या त्या चिलखतातूनही आत गेल्या, हॉर्नची वायर शॉर्ट होऊन हॉर्न वाजतच राहिला, पोलिसांना वाटलं गोळीबार थांबवायची खूण आहे आणि तेवढ्यात सगळे निसटले. ही टोळी दोन वर्षं हाती का लागत नव्हती याचं निम्मं उत्तर त्या हॉर्नमध्ये आहे आणि निम्मं क्लाइडच्या ड्रायव्हिंगमध्ये.

आता 1967 चा. आर्थर पेनचा सिनेमा, वॉरन बीटी आणि फे डनवे. यात टोळीच्या हातात ठळकपणे दिसते ती टॉमी गन, म्हणजे थॉम्पसन. गँगस्टर म्हटलं की टॉमी गन हे तोपर्यंत पडद्यावर पक्कं झालं होतं, आणि दिसायलाही ती देखणी आहे. पण थॉम्पसन पिस्तुलाचंच .45 चं काडतूस मारते, म्हणजे प्लॅट सिटीत पोलिसांकडे जी कमी पडली तीच इथे टोळीच्या हातात दिली, त्यामुळे पोलीस का हतबल होते हे सिनेमातून कळतच नाही. हत्यारांच्या बाबतीत माझी या सिनेमावर हीच मोठी तक्रार आहे.

पण बंदूक माणसाला काय करते हे मात्र यात जे दिसतं ते दुसऱ्यात नाही. सुरुवातीला क्लाइड बॉनीला रिव्हॉल्व्हर दाखवतो आणि ती नळीवरून बोट फिरवते, एक शब्द नाही, पुढचा सगळा सिनेमा त्या बोटात आहे. नंतर बँकेने घर घेतलेला शेतकरी येतो, क्लाइड बँकेच्या पाटीवर गोळ्या मारतो, मग बंदूक त्या शेतकऱ्याच्या हातात देतो, मग त्याच्या कामावरच्या काळ्या गड्यालाही मारायला मिळतं. मंदीत लोकांना हे दोघं आपले का वाटले ते तिथे दोन मिनिटांत समजतं. गोळ्यांचा आवाजही मुद्दाम बाकी साउंडपेक्षा मोठा ठेवलाय, एकदम कानठळ्या बसतात. आणि शेवट 4 कॅमेऱ्यांनी वेगवेगळ्या स्पीडला शूट केलेला, तो आजही बघवत नाही, आणि बघवू नयेच.

'द हायवेमेन' पोलिसांच्या बाजूने आहे. केविन कॉस्टनर म्हणजे फ्रँक हेमर, दबा धरलेल्या त्या 6 जणांचा म्होरक्या, निवृत्त टेक्सास रेंजर म्हणजे टेक्सास राज्याच्या पोलीस दलातला, आणि वुडी हॅरलसन त्याचा साथीदार मेनी गॉल्ट. बंदुकांसाठी बघणार असशील तर दुकानाचा सीन एकटाच पैसे वसूल आहे. हेमर दुकानात शिरतो आणि शांतपणे एकेक नाव घेतो, थॉम्पसन, कोल्ट मॉनिटर, स्प्रिंगफील्ड, आणि शेवटी सगळंच घेतो. काउंटरवरून मशीनगन विकत मिळते हे खोटं वाटेल, पण तेव्हा ते खरंच होतं. असल्या हत्यारांवर 200 डॉलर कर आणि नोंदणी लावणारा केंद्राचा कायदा आला तो जून 1934 मध्ये, म्हणजे हे दोघं मेल्यावर महिनाभराने. मॉनिटर म्हणजे बीएआरचीच पोलिसांसाठी काढलेली आवृत्ती, फक्त सव्वाशेच बनल्या. बीएआर, हेमरची ओळख बनलेली .35 ची रेमिंग्टन मॉडेल 8, क्लाइडचं .45 कोल्ट पिस्तूल, या सगळ्यांचं मूळ डिझाइन एकाच माणसाचं, युटामधल्या ऑग्डेनचा जॉन ब्राउनिंग, आणि तो 1926 लाच वारला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्याच बंदुका होत्या, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

वजनाचंही सांगतो. एनसीसीच्या कॅम्पला आम्हाला ड्रिलला .303 द्यायचे, चार किलोची, अर्ध्या तासाने खांदा भरून यायचा आणि दस्त्याचा वळ उठायचा. तेव्हापासून सिनेमात बंदूक कोणी काठीसारखी फिरवली की मला लगेच कळतं. कॉस्टनर आणि हॅरलसन थकलेल्या म्हाताऱ्यांसारखे रायफल उचलतात, नेम धरतात तेव्हा सवय सुटलेली माणसं दिसतात. शेवटचा प्रसंगही खऱ्या घटनेच्या जागेवरच शूट केलाय.

मग हाच बघ असं सरळ का नाही सांगत? कारण बंदूक बरोबर असली तरी ती दिलीय चुकीच्या हातात. 1 एप्रिल 1934 ला ईस्टरच्या दिवशी टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइनजवळ दोन तरुण हायवे पोलीस मारले गेले. सिनेमात बॉनी थंडपणे शॉटगनने त्यांच्यातल्या जमिनीवर पडलेल्याला मारते. हे एका शेतकऱ्याने सांगितलं, पेपरांनी छापलं, आणि पुढे ते टिकलं नाही. टोळीतल्या हेन्री मेथ्विननेच आपण गोळी झाडल्याचं नंतर कबूल केलं, आणि महिनोन्महिने त्यांच्यासोबत असलेला डब्ल्यू. डी. जोन्स म्हणायचा की बॉनीला पोलिसांवर गोळी झाडताना त्याने कधी पाहिलं नाही. ती निर्दोष होती असं नाही, पण पाच फुटांहून कमी उंचीच्या त्या लंगडणाऱ्या मुलीच्या माथी असा खून मारणं मला पटलं नाही. अन्याय जुन्या सिनेमानेही केला, तो हेमरवर. त्यात टोळी त्याला पकडून बांधते, बॉनी त्याचं चुंबन घेते आणि तो तिच्या तोंडावर थुंकतो. प्रत्यक्षात त्या सकाळच्या आधी त्यांची गाठच पडली नव्हती. त्याच्या बायकोने केस केली आणि 1971 मध्ये स्टुडिओला तडजोड करावी लागली.

पोलिसांच्या हातातलं हत्यार मला एवढं का लागतं, तर आपल्याकडे 26/11 ला काय झालं ते आपण पाहिलंय. समोर एके-47, आणि गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंकडे नुसती लाठी, त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली. त्यामुळे असल्या सिनेमात कोणाकडे काय होतं हे मला किरकोळ वाटत नाही.

तर भाच्या, हत्यारंच बघायची असतील तर 'हायवेमेन' लाव, दुकानाचा सीन दोनदा बघ, ग्रेपव्हाइन आलं की मेथ्विनचं नाव आठव. माणसं बघायची असतील तर 1967 चा, आणि त्यात टॉमी गन दिसली की मनात तिथे बीएआर ठेव. आई शेजारी बसली असेल तर जुन्याची शेवटची दोन मिनिटं तिला आधी सांगून ठेव.