लेकीसाठी घेतलेलं उंची बदलणारं स्टडी टेबल आणि खुर्ची: आठ महिने वापरून झाल्यावर

नव्याचे नऊ दिवस संपायची वाट बघत होते म्हणून इतक्या उशिरा लिहितीये. पहिल्या आठवड्यातल्या रिव्ह्यूंवर माझा काडीचा विश्वास नाही, तेव्हा टेबल पण चकाचक असतं आणि पोरं पण न सांगता अभ्यासाला बसतात. आता आठ महिने झालेत, कडेचा रंग एका ठिकाणी उडालाय, ड्रॉवरमध्ये पेन्सिलीच्या सालींचा डोंगर झालाय, म्हणजे खरं काय ते सांगता येईल. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण असे सेट बऱ्याच कंपन्या जवळपास सारखेच विकतात आणि तक्रारी पण मिळत्याजुळत्याच असतात.

लेक तिसरीत आहे, उंची १२८ सेंटीमीटर, आणि डावखुरी आहे (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे). आधी ती जेवणाच्या टेबलावर गृहपाठ करायची. करायची म्हणजे काय, एक पाय अंगाखाली, दुसरा हवेत, मग गुडघ्यांवर, मग अर्धी टेबलावर पसरलेली आणि मी स्वयंपाकघरातून "नीट बस गं" चा जप लावलेला. मी स्वतः प्राथमिकला शिकवते, तिथेही दिवसभर हाच जप. एका रविवारी काय सुचलं कोण जाणे, टेप घेऊन सगळं मोजलं. खुर्चीची बैठक जमिनीपासून ४५ सेंमी, टेबल ७५. शाळेच्या फर्निचरसाठी युरोपात ईएन १७२९ म्हणून मानक आहे, त्यात ११९ ते १४२ सेंमी उंचीच्या मुलांना बैठक ३५ सेंमीवर आणि टेबल ५९ वर दिलंय. म्हणजे माझी पोरगी १० सेंमी जास्त उंच खुर्चीवर आणि १६ सेंमी जास्त उंच टेबलावर बसून सुवाच्य अक्षर काढत होती आणि वर माझी बोलणी खात होती. आपल्याला कोणी छातीएवढ्या उंच टेबलावर लिहायला बसवलं तर दहा मिनिटं तरी बसू का आपण?

मग हा सेट मागवला. टेबल ५४ ते ७६ सेंमी आणि खुर्ची ३२ ते ४६ पर्यंत जाते असं लिहिलं होतं, आणि टेप लावून बघितलं तर खरंच जाते, याचे पूर्ण मार्क.

जोडणीचे मात्र मार्क कापणार. कागदावर फक्त चित्रं, त्यात दोन स्क्रू दिसायला एकसारखे आणि लांबीत जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा फरक. नवऱ्याने नेहमीप्रमाणे "हे काय, अर्ध्या तासाचं काम" म्हणून सुरुवात केली आणि अडीच तासांनी कळलं की टेबलाची फळी उलटी बसलीये, ड्रॉवर भिंतीकडे. परत सगळं खोललं. एक बोल्ट कमी निघाला तो फोटो पाठवल्यावर नऊ दिवसांनी आला, भांडावं लागलं नाही हे खरं. दुसरं म्हणजे वास. लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी आहे, अशा फळ्यांच्या गोंदात बऱ्याचदा फॉर्मल्डिहाइड हे डोळ्यांना-घशाला झोंबणारं रसायन असतं आणि नवीन असताना वास येत राहतो. आम्ही दोन आठवडे खिडकी उघडी ठेवून टेबल रिकाम्या खोलीत ठेवलं. तुम्हीही लगेच पोरांना त्यावर बसवू नका, आणि मागवताना ई१ (म्हणजे हे रसायन कमी सोडणाऱ्या फळ्यांचा युरोपातला दर्जा) किंवा त्याहून कमी उत्सर्जनाची फळी आहे का ते विचारून घ्या.

आता चांगलं. खुर्चीची फक्त उंचीच बदलत नाही तर बैठकीची खोलीपण बदलते, म्हणजे पाठ पुढे-मागे सरकवता येते, आणि माझ्या मते पैसे द्यावेत ते या एका गोष्टीसाठी. पाठ टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. नाहीतर मूल एकतर पुढे घसरून अर्धवट बसतं नाहीतर टेकल्यावर पाय सरळ समोर काठीसारखे. मोठ्या खुर्चीत मागे उशी घालून भागतं म्हणा, पण ती उशी दर पाच मिनिटांनी खाली पडते आणि मग उशीचाच खेळ सुरू होतो. खाली पाय ठेवायला दांडी आहे, तीपण वरखाली होते. पाय टेकले आणि चुळबुळ निम्मी झाली, मी शपथेवर सांगायला तयार आहे. टेबलाची उंची लावताना सोपी खूण म्हणजे हात खाली सोडून कोपर वाकवलं की टेबल कोपराच्या पातळीला किंवा किंचित वर यायला पाहिजे. आठ महिन्यांत एकदाच एक खाच वाढवावी लागली. हँडल फिरवून उंची वाढते, दोन मिनिटांचं काम, फक्त ते हँडल काढून ठेवा, गुडघ्याला लागतं आणि लागतंच.

चाकं आहेत पण कोणी बसलं की आपोआप लॉक होतात. हे मला फार आवडलं होतं, बारा वर्षांच्या थोरल्याने दुसऱ्या दिवशी शोध लावला की गुडघे बैठकीवर टेकवून अर्धं वजन हातांवर घेतलं तर लॉक लागत नाही आणि खुर्ची गाडीसारखी पळते. असो. खुर्चीला शेवटी चाकांऐवजी साधे पाय बसवून टाकले, ते सोबतच येतात.

फळी तिरकी होते त्याचं जाहिरातीत फार कौतुक होतं. ४० अंशापर्यंत म्हणे. उतरतं टेबल चांगलं असतं हा विचार जुनाच आहे, डेन्मार्कच्या एका डॉक्टरांनी, मांडाल त्यांचं नाव, कित्येक वर्षांपूर्वी सांगितलं होतं की बैठक पुढे कललेली आणि टेबल आपल्याकडे उतरतं असलं तर मूल कमी वाकतं. आमचा अनुभव असा की वाचायला आणि चित्र काढायला थोडा उतार मस्त, मान खरंच सरळ राहते, पण जास्त केलं की पेन्सिल, खोडरब्बर, पट्टी सगळं मांडीत. पुढे छोटी कड आहे पण ती पेन्सिलीपुरतीच, कंपासपेटी तिला जुमानत नाही. ४० अंश मी एकदाच करून बघितलं.

सगळ्यात मोठी चिडचीड दिव्याची. दिवा तसा बरा आहे, तीन रंगांचा उजेड, पिवळसर ३००० केल्विन, मधला ४००० आणि पांढराफेक ६५००. आम्ही मधला लावतो, झोपायच्या आधी वाचायचं असेल तर पिवळा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितलं तर पट्टे सरकताना दिसत नाहीत, म्हणजे डोळ्यांना त्रास देणारी लुकलुक फारशी नसावी. लिहायला-वाचायला साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असावा म्हणतात, आमच्या खोलीतल्या नुसत्या ट्यूबवर मोबाइलच्या ॲपने ११० दाखवला होता आणि दिवा लावल्यावर ४५० च्या आसपास. ॲप काय अगदी काटेकोर नसतं पण फरक कळतो. मग अडचण काय? दिव्याचं भोक फळीच्या डाव्या बाजूलाच. दप्तराचा हुकपण तसाच, ड्रॉवर उघडतो तोही उजव्या हाताच्या सोयीने. डावखुऱ्या मुलाने लिहिलं की हाताची सावली बरोबर अक्षरावर पडते! दोन आठवडे ती मान वाकडी करून लिहीत होती आणि मला वाटलं डोळे तपासायला पाहिजेत. नंतर ट्यूब पेटली, माझी. क्लॅम्पचा वेगळा दिवा आणून उजवीकडे लावला. कंपनीला लिहिलं की दुसऱ्या बाजूलापण एक भोक पाडा, काय असं मोठं काम आहे, उत्तर आलं "आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद".

वर पुस्तकांची मांडणी येते ती काढून ठेवली. दिसायला झकास, पण बसलं की डोळ्यांसमोर पुस्तकं, खेळणी, पेनस्टँड, आणि तिची सावली थेट वहीवर. त्यावर कंपनीचे कार्टून स्टिकर पण होते. यावर एक छान प्रयोग झालेला आहे, अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात, २०१४ साली छापून आला. बालवाडीतल्या २४ मुलांना काही धडे सजवलेल्या वर्गात शिकवले आणि काही साध्या भिंतींच्या वर्गात. सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ भलतीकडे होतं, साध्यात २८.४ टक्के, आणि नंतरच्या प्रश्नांत बरोबर उत्तरं ४२ विरुद्ध ५५ टक्के. लहान प्रयोग आहे, मान्य, पण वाचून मी माझ्या वर्गाच्या भिंती बघितल्या आणि गप्प झाले. फळ्याच्या आजूबाजूला एक इंच जागा सोडली नव्हती मी.

पण म्हणून सगळं पांढरं रुग्णालयासारखंही नको. इंग्लंडच्या सॅलफर्ड विद्यापीठाने २७ शाळांतल्या १५३ वर्गखोल्या तपासून २०१५ मध्ये अहवाल दिला होता, त्यात मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीतल्या फरकापैकी १६ टक्के फरक खोलीच्या गुणांशी जोडता आला, म्हणजे उजेड, हवा, तापमान हे तर आलंच पण ही जागा माझी आहे असं मुलाला वाटणं हेसुद्धा त्यात होतं. आमच्याकडे हे अगदी पटलं, कारण लेकीने स्टिकर खरवडून काढले आणि खुर्चीच्या पाठीला स्वतः काढलेलं मांजर चिकटवलं, बसल्यावर ते दिसतही नाही, तरी मालकी पक्की. आता दादाला बसायचं असेल तर परवानगी घ्यावी लागते.

वर्गासाठी हा सेट घ्या असं मी म्हणणार नाही, तीस-पस्तीस मुलांना परवडणार कोणाला आणि ठेवणार कुठे. पण टेप मात्र वर्गात नेली. आमचे बाक सगळे एकाच मापाचे, मुलं सोळा-सतरा सेंमीच्या फरकाची. ज्यांना मी वर्षानुवर्षं चुळबुळे म्हणत आले त्यातल्या बहुतेकांचे पाय लोंबकळत होते, हे बघून जरा लाजच वाटली. जुन्या वह्यांचे गठ्ठे चिकटपट्टीने गच्च बांधून पायाखाली दिले, फुकटात काम झालं. बुटक्या मुलांना पुढे बसवतो तेव्हा फळा दिसेल एवढाच विचार असतो आपला, पायांचा कोणी करतच नाही. बाकांच्या पायांना नमद्याच्या चकत्या लावल्या, सरकवताना तो किंचाळल्यासारखा आवाज गेला आणि माझा घसा बराच वाचला. मागे चटई आणि दोन गाद्या टाकल्यात, वाचायला तिथे लोळलं तरी चालतं. पहिले चार दिवस गाद्यांवरून मारामाऱ्या झाल्या, मग फळ्यावर पाळी लिहिली आणि विषय संपला.

घ्यायचं असेल तर मूल पाच ते अकरा वर्षांचं असताना घ्या, आमच्या थोरल्याला १५० सेंमीला खुर्ची आत्ताच अपुरी वाटायला लागलीये, बैठक उंच जाते पण रुंदी तेवढीच राहते. आणि घरात आधीची चांगली खुर्ची असेल तर पायाखाली एक भक्कम पाट आणि बुडाखाली टणक उशी ठेवून महिनाभर बघा, कदाचित एवढ्यावरच भागेल. मला हे आधी सुचलं असतं तर मीही थांबले असते बहुतेक.

पाचपैकी साडेतीन स्टार. एक गेला जोडणीत आणि बोल्टात, अर्धा त्या दिव्याच्या भोकात. लेकीला विचारलं तर ती म्हणाली पाच द्या, पण हँडलला शून्य.