खंबाटकीतला दगड, वाकलेला लोअर आर्म आणि अलाइनमेंट: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी स्विफ्ट, रोजचा रस्ता सातारा ते शिरवळ आणि परत, वाटेत खंबाटकी घाट. डावा लोअर आर्म (पुढचं चाक खालून गाडीला जोडणारा लोखंडी हात) बदलून अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं काम, केलं, त्यानंतर गाडीनं अख्खा पावसाळा काढला आणि आता उसाचा हंगामही सुरू झालाय. काम टिकलंय. म्हणून लिहितोय.

खंबाटकी चढताना लोड गाडी बंद पडते, ड्रायव्हर मागच्या चाकांना दगड लावतो आणि गाडी चालू झाली की दगड तिथंच टाकून निघून जातो. इकडच्या लोकांना हे नवीन नाही. रात्री पुढचा ट्रक असाच एक दगड दोन चाकांच्या मधे घेऊन वरून गेला आणि मला दिसेपर्यंत माझं डावं पुढचं चाक त्यावर चढलं होतं. टायर वाचला, त्याला फुगाही आला नाही, पण लोखंडी डिस्कची, म्हणजे टायर बसतो त्या रिमची, कड वाकली. पुढं आनेवाडी टोलनाक्यापर्यंत लक्षात आलं की गाडी डावीकडे ओढतेय, सरळ जायला स्टेअरिंग उजवीकडे धरावं लागतंय आणि ८० च्या पुढं थरथरतंय.

पहिल्या दुकानात डिस्क प्रेस करून बॅलन्सिंग केलं आणि थ्रीडी मशीनवर अलाइनमेंट केलं. थरथर गेली, स्टेअरिंगही मध्यावर आलं. ओढणं मात्र जाईना. "रस्त्याचा उतारच डावीकडं असतो," असं उत्तर मिळालं. पाणी वाहून जायला रस्त्याला उतार असतो हे खरंच, पण तो दगडाच्या आधीही होता की! मी हवा तपासली, पुढचे दोन्ही टायर आपसात बदलून पाहिले. ओढ टायरमुळे असती तर बाजू बदलली असती. ती डावीकडेच राहिली. काही आठवड्यांत डाव्या टायरची बाहेरची कड घासलेली हाताला लागायला लागली.

दुसऱ्या गॅरेजमध्ये मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी अलाइनमेंट मशीनवरच्या मापांचा कागद मागितला. टो (वरून पाहता चाक आत-बाहेर किती वळलंय ते) दोन्हीकडे हिरवा, म्हणजे मर्यादेत, पण डाव्या चाकाचा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा झुकाव; अधिक म्हणजे वरचा भाग बाहेर) अधिक १ अंशाच्या वर, उजव्याचा शून्याजवळ. डाव्या बाजूचा कॅस्टरही (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा, बाजूनं पाहता, मागं झुकाव) कमी. "दादा, आर्म वाकलाय. टो लावून स्टेअरिंग सरळ होतंय, चाक नाही."

मला यातलं हे पटलं: अशा छोट्या गाड्यांना मशीनवर पुढचा टो तेवढा सेट होतो, टाय रॉड (स्टेअरिंगपासून चाकाला जोडणारा दांडा) फिरवून. कॅम्बर आणि कॅस्टर मशीन फक्त दाखवतं. ते बिघडले असतील तर काहीतरी वाकलंय, आणि ते शोधून बदलावं लागतं. आर्म आत आणि मागं दबला की चाकाचा खालचा भाग आत जातो, वरचा बाहेर झुकतो. म्हणून बाहेरची कड घासते आणि गाडी त्याच बाजूला ओढते. दोन बाजूंच्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक दिसला की नुसतं अलाइनमेंट करून गाडी बाहेर काढू नये, असं माझं मत झालंय.

जुना आर्म नव्याशेजारी ठेवल्यावर वाकडेपणा डोळ्यांनी दिसला. बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा, चाकाकडचा फिरता सांधा) आर्मसोबत नवाच आला. टाय रॉड आणि शॉकअप तपासून ठीक निघाले. एक गोष्ट आवडली: बुशचे (आर्म गाडीला जोडतो तिथल्या रबरी भागाचे) बोल्ट त्यांनी गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळले नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर आवळले. नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. मग पुन्हा अलाइनमेंट, कारण आर्म बदलला की टो हलतोच.

आता हायवेला हात सैल ठेवला तरी गाडी लेन सोडत नाही. पावसाळ्यातल्या खड्ड्यांनंतर पुन्हा मशीनवर घातली: टो किंचित हलला होता, कॅम्बर होता तसाच. एकच तक्रार, घासलेला टायर काही बरा होत नाही. त्याचा घूं घूं आवाज महिनाभर सहन केला, शेवटी पुढची जोडी नवीन टाकली. आधीच आर्म बदलला असता तर हा खर्च वाचला असता, त्यामुळे पहिल्या दुकानाचं अलाइनमेंट मला महागात पडलं.

टायर सोडून सगळं काम ५,००० रुपयांच्या आत झालं. इन्शुरन्स क्लेम केला नाही. माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, ५० टक्क्यांवर आहे, एवढ्या कामासाठी तो घालवणं परवडलं नसतं.