सरळ टिपेचं साधं मशीन आणि दोन पोरांचे मॅचिंग कपडे, वर्षभर वापरून सांगतेय

मशीन घेऊन वर्ष होत आलं, बिल्डिंगमधल्या दोघी-तिघी विचारत होत्या की परवडतं का, म्हणून एकदाच लिहून टाकते. माझं मशीन म्हणजे ते जुन्या पद्धतीचं काळं, फक्त सरळ टीप मारणारं, मोटर बसवून घेतलेलं. झिगझॅग नाही, काजं नाहीत, भरतकाम तर नाहीच. मुलगी सहा वर्षांची, मुलगा चारचा. पोरांचे साधे सेट शिवायला एवढं मशीन भरपूर झालं, वरचे पैसे कापडात घाला असंच मी सांगेन.

आता मॅचिंग. आमच्या लहानपणी दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्या चुलत भावंडांचे कपडे निघायचे, फोटोत आम्ही अगदी बँडवाले दिसतो! तसं नको वाटतं. मी एक प्रिंट घेते आणि त्या प्रिंटमधलाच एखादा रंग पकडून प्लेन केंब्रिक, म्हणजे पातळ सुती कापड. मुलीचा स्कर्ट प्रिंटचा नि टॉप प्लेन, मुलाचा कुर्ता प्लेन, आणि त्याच्या खिशाला-गळपट्टीला स्कर्टमधून उरलेलं प्रिंट. महागातलं कापड कमी लागतं आणि दिसतंही छान. मुंबईच्या मंगलदास मार्केटला घेतलं तर दोघांचा सेट इलॅस्टिक-लेस धरून 400 च्या आसपास बसतो, लेस नि बटणं मात्र भुलेश्वरलाच.

कापड घेताना पन्हा (कापडाची रुंदी) विचारा, मी 44 इंचीच घेते. मुलीची कंबर 21-22 इंच, त्यामुळे अख्खा पन्हा गोल फिरवला की चुण्या आपोआप दुप्पट येतात नि शिवण एकच लागते. 15 इंच उंचीच्या स्कर्टला वर नेफा (इलॅस्टिक ओवायची दुमड) आणि खाली चांगली अडीच इंच दुमड धरूनही पाऊण मीटरातून खिसा-गळपट्टीपुरता पट्टा उरतो. ती दुमड मुद्दाम मोठी ठेवते, पुढच्या वर्षी उसवून उंची वाढवता येते. खणाचा परकर शिवायचा असेल तर हा हिशोब चालत नाही, पारंपरिक, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचा पन्हा बराच अरुंद असतो, जोड द्यावाच लागतो. आणि सुती कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं, आटतं ते. लाल आणि गडद निळं वेगळं भिजवा.

झिगझॅग नाही मग धागे सुटत नाहीत का, हा सगळ्यांचा प्रश्न. नाही सुटत. कापडाच्या सुलट बाजू बाहेर ठेवून आधी काठालगत टीप मारायची, कडा कातरून उलटवायचं आणि परत पाव इंचावर टीप, कच्च्या कडा आतच बंद होतात, शिवाय पोरांना टोचत नाही. मुंढ्याला (बाही जोडतो तिथे) तिरकी कापलेली पट्टी. चेन लावायच्या भानगडीत मी पडतच नाही, नेफा नाहीतर टिचबटण. इलॅस्टिक कंबरेपेक्षा दोन इंच कमी घेते, आणि रुंदच घेते, बारीक असलं की धुण्यात पिळून जातं. मुलाच्या पँटला वेगळा पॅटर्न नाही, अंगाला बसणारी जुनी पँट कागदावर गिरवते आणि माया (शिवणीपुरतं जास्तीचं कापड) सोडून कापते, एवढंच.

त्रासही आहे. आवाज! आमच्या वन आरकेत दुपारी पोरं झोपली की मशीन बंद, खाली रबरी मॅट टाकल्यावर खालच्या काकूंची तक्रार तेवढी थांबली. मुंबईच्या पावसाळ्यात सुया गंजतात, मशीनला तेल द्यावंच लागतं आणि तेल दिल्यावर आधी चिंधीवर टीप मारून बघावी नाहीतर नव्या कापडावर डाग. खाली गुंता झाला की बॉबिनला शिव्या घालू नका, बहुतेक वेळा वरचा धागाच नीट ओवलेला नसतो. केंब्रिक-पॉपलीनला 14 नंबरची सुई, डेनिमला 16.

होजिअरी, म्हणजे टी-शर्टचं ताणणारं कापड, मात्र या मशीनवर विसरा. कापड ताणलं की सरळ टीप तटकन तुटते, मध्येच टाके सुटतातही. टी-शर्ट मी रेडिमेड प्लेन घेते आणि छातीवर त्याच प्रिंटचा खिसा हाताने लावते, बहिणीच्या स्कर्टशी मॅच!