आडवा आठ आणि माझे १४,८५० रुपये

हसायचं असेल तर हसा, घरात सगळ्यांचं हसून झालंय. चादरी-टॉवेलच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं माल तपासला. भिंग लावून इंचात धागे मोजायचे, एक कमी भरला की गठ्ठा परत. असा माणूस भिंगातच फसला, हे बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

माझा मायक्रोस्कोप ६,५०० चा, कॉलेजची पोरं वापरतात तसला. कंबर तलावाचं पाणी बाटलीत आणायचं, एक थेंब काचेवर, आणि नातवाला पॅरामिशियम हा एकपेशीय जीव पळताना दाखवायचा. दहाच्या, म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या लेन्सवर मजा यायची. चाळीसवर मात्र मधोमध स्वच्छ आणि कडा पुसट. त्यावर उपाय प्लॅन लेन्स, ती कडेपर्यंत एकसारखं दाखवते, हे मी वाचून काढलं होतं. म्हणजे मी अगदीच अडाणी नव्हतो, एवढं लक्षात घ्या.

जाहिरात दिसली ती 'बंद पडलेल्या लॅबचा माल' अशी. ४, १०, ४०, १०० असा चार प्लॅन लेन्सचा संच, ११,८००. त्यातले ३,००० आधी, ८,८०० पार्सल निघताना, वर ६५० कुरियर-विम्याचे. अशा व्यवहाराचं पुढं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, ते चऱ्हाट लावत नाही. एका फोटोपाशी मात्र थांबतो, कारण रात्री झोप लागेना झाली की मी तिथंच येऊन थांबतो.

फोटो चाळीसच्या लेन्सचा. माझ्या जुन्या लेन्सवर १६०/०.१७ कोरलेलं आहे: १६० मिलिमीटरची नळी, थेंबावर ठेवायची ०.१७ मिलिमीटरची झाकणकाच. विकणाऱ्याच्या फोटोत १६० च्या जागी आडवा आठ होता. मला दिसला! मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "काका, तो इन्फिनिटीचा मार्क. लिमिट नाही, कुठल्याही मायक्रोस्कोपला चालतंय." आणि मी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. वर 'धन्यवाद' लिहिलं.

त्या आठाचा खरा अर्थ असा, की लेन्समधून किरण समांतर बाहेर पडतात आणि ते गोळा करायला नळीत आणखी एक भिंग लागतं. माझ्याकडं ते नाही, स्वस्तातल्या बहुतेक जुन्या धाटणीच्या मायक्रोस्कोपात नसतं. आटे मात्र तेच, २०.३२ मिलिमीटरचे, त्यामुळं लेन्स झकास बसली. बसली म्हणजे चालली असं समजू नका. ४ आणि १० वर कसंबसं निभावलं, ४० वर धुकं, १०० वर त्या लेन्सला लागतं ते तेल घालूनही दूधच दूध. त्यात चारच्या लेन्सवरचा 'प्लॅन' हा शब्द नखानं निघाला. स्टिकर!

फोन केला तर म्हणाला, बदलून देतो, फरकाचे २,४०० पाठवा. पाठवले. होय, पाठवले. आधीच इतके अडकले होते, ते सोडवायला आणखी घातले. तुम्ही काय वेगळं केलं असतं? त्यानंतर नंबर बंद.

लेन्स घेताना व्हिडिओ कॉलवर अंगावरचे आकडे वाचून घ्या, फोटोवर जाऊ नका. चारही एकदम घेऊ नका, जी खटकते तीच एक घ्या.

आता साहेब लोकांचं ऐका. बँकेत गेलो, तर "पिन तुम्हीच टाकलात ना?" पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर. मग हवालदार म्हणाले, "सामान मिळालंय ना काका? मग फसवणूक कशी?" मी खिशातून लेन्स काढून आडवा आठ दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "आठच आहे की." दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब, पुन्हा पहिल्यापासून गोष्ट. ते म्हणाले, ग्राहक आयोगात जा. तिथं समोरच्याचा पत्ता लागतो. पत्ता पोलिसांनी शोधायचा, आणि पोलीस म्हणतात हे आमचं कामच नाही. आठाला जसं टोक नाही, तसं हे. चार खेपांचे रिक्षाचे ३२० गेले ते वेगळेच, शीर्षकात धरले नाहीत.

ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायच्या १९३० या नंबरवर फोन मी अकराव्या दिवशी केला. तो पहिल्या तासात करायचा असतो. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मी लाजेपोटी दहा दिवस घरातसुद्धा बोललो नव्हतो.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवं, फोटो तोच, खालचा निळ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथही तोच. किंमत आता १२,५००.