जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह: आधी ऐका, मग वाचा

‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या ग्रामीण जीवनावरच्या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह फुकट ऐकायला मिळतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून तो जमवला, बर्नार्ड बेल यांनी १९९०च्या दशकात त्यातल्या काहींचं ध्वनिमुद्रण केलं आणि २०१७पासून तो ‘पारी’वर टप्प्याटप्प्याने येतो आहे. ओव्या १ लाखाच्या वर, गावं हजाराच्या वर. मात्र बहुतेकींचा नुसता मजकूर आहे. आवाज आहे तो सुमारे १२० तासांचा.

नवखा माणूस फसतो तो इथेच. मजकूर उघडला की दोन ओळी दिसतात. भाऊ, माहेर, पंढरी, संपलं. गाताना मात्र बाई ओळ मध्येच तोडते, अर्धी पुन्हा घेते, ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते तुला’ असं काहीबाही भरते. वाचायला पाच सेकंद लागणारी ओवी अर्ध्या मिनिटावर जाते. ही भर छापील दोन ओळींत नसल्याने ऐकताना जागा हरवते. म्हणून पहिल्यांदा मजकुराकडे बघूच नका. दुसऱ्यांदा यमकाचा शब्द पकडून ओळ शोधा, लगेच सापडते.

आवंढा येतो तो बहुधा दुसऱ्या ओळीवर. पहिलीत पाऊस, वेल, अंगणातलं काहीतरी. दुसरीत भाऊ येतो नाहीतर सासरचा जाच, आणि चाल तसूभरही बदलत नाही. दुःखासाठी वेगळा सूर नाहीच. सिनेमातल्या विरहगीतांवर पोसलेल्या कानाला हे आधी कोरडं वाटतं. चौथ्या ओवीपर्यंत थांबा.

शब्दांची थोडी तयारी हवी. ‘राघू’ म्हणजे मुलगा, ‘मैना’ म्हणजे मुलगी, ‘नेनंता’ म्हणजे कोवळा, लहानगा. हे ठाऊक नसेल तर अख्खी ओवी पोपटाची वाटते! इंग्रजी भाषांतर अर्थापुरतं ठीक, पण ‘बाई’ ही हाक त्यात विरते, आणि निम्मा जीव त्या हाकेतच असतो.

इअरफोन लावाच. फोनच्या बारक्या स्पीकरवर जात्याची खर्जातली घरघर उतरत नाही आणि मग लय कशावर टेकली आहे ते कळत नाही. एका बैठकीत पाच-सहा ओव्या पुरे. चाळीस सलग ऐकल्या तर एकाच चालीने कान बधिर होतो आणि दोष ओव्यांच्या माथी जातो.

सुरुवात सीतेच्या ओव्यांपासून करावी. तिथे बायका रामाची भीडभाड न ठेवता सीतेची बाजू घेतात. मग बाबासाहेबांवरच्या, त्यानंतर वारीच्या. गाण्याबरोबर गायिकेचं नाव, गाव, तालुका आणि ध्वनिमुद्रणाची तारीख दिलेली असते. तेवढं वाचून मगच पुढची ओवी लावा.